मळकं विमान

मॉडेलचं विमान जोडायला तसा फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो ते मळवायला. डबा उघडायचा, सुटे भाग चौकटीतून कापून काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चिकटवायचे, फटींत लांबी भरायची, की विमान आकाराला येतं. मग रंग. एअरब्रशचं तोंड तुंबलं नाही आणि हवा कोरडी असली तर तेही निभून जातं. (भर पावसाळ्यात लॅकर मारायला घेऊ नये. दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते आणि सगळं पुन्हा घासावं लागतं.) रंग वाळला की हातात कोरं करकरीत विमान असतं. घरचे म्हणतात, छान झालंय की! माझं खरं काम तिथून पुढे.

"पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ साचलीय, ती दिसत नाही," बायको म्हणते, "आणि इथे चिमटीने धूळ टाकताय." यावर उत्तर नाही. असलं तरी देऊ नये.

सध्या टेबलावर स्पिटफायर आहे, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. मार्क नऊ ही आवृत्ती, प्रमाण 1/48. खऱ्या विमानाचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पंख 11.23 मीटर, माझा साडेतेवीस सेंटिमीटरच्या आत. किट एडुआर्ड या चेक कंपनीचं. चेक मंडळींना स्पिटफायरचं जरा जास्तच प्रेम आहे, आणि ते साहजिक आहे. जर्मनांनी देश गिळल्यावर त्यांचे कितीतरी वैमानिक ब्रिटनमध्ये पोचले आणि याच विमानांतून लढले. किटमध्ये पितळेच्या पातळ पत्र्यातून कापलेले आसनाचे पट्टे येतात, त्यांची बक्कलं खसखशीहून लहान. एक उडून फरशीवर पडलं तर शोधायच्या भानगडीत पडू नये, तोवर चहा घ्यावा.

खोक्यातून विमान काढून जोडण्यात तसं काही बालिश नाही. युद्धकाळात आपल्याकडे आलेली खरी स्पिटफायरही पंख वेगळे करून, लाकडी खोक्यांत बंद होऊन बोटीने यायची आणि इथे जोडली जायची. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ज्या 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, तिने इंग्लंडहून आणलेल्या मालातही स्पिटफायर होती. त्या स्फोटातल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. विमानांचं कोणी बोलत नाही.

असो. मळाकडे येतो.

विमानावरचा प्रत्येक डाग कशाने तरी पडलेला असतो, आणि ते कारण कळल्याशिवाय ब्रश उचलू नये, असं माझं मत झालंय. स्पिटफायरच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना धुराड्याची सहा-सहा तोंडं. त्यातून निघणारी काजळी मागे पंखाच्या मुळापर्यंत ओढली जाते. पोटाखाली इंजिनाच्या तेलाचे ओघळ, तेही मागे पळालेले, कारण ते ओघळले तेव्हा विमान ताशी तीनशे मैलांनी पुढे जात होतं. उभ्या विमानातून ठिबकलेलं तेल सरळ खाली येतं. या दोन ओघळांची दिशा वेगळी हवी. डाव्या पंखाच्या मुळाशी रंग खरवडून चंदेरी पत्रा दिसतो, कारण वैमानिक डावीकडून चढतो. कॉकपिटचं छोटं दारही त्याच बाजूला. उजव्या मुळाशी खरवड कमी, पण असते. पट्टे आवळायला, काचा पुसायला जमिनीवरची माणसं दोन्हीकडून चढायची.

पंखाच्या टोकाकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. शेपटीवर टेकून उभ्या असलेल्या स्पिटफायरचं नाक इतकं लांब आणि वर असतं, की वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही. जमिनीवर चालताना तो नागमोडी चालवतो आणि आलटूनपालटून कडेने डोकावतो. धावपट्टी खडबडीत, गर्दीची असली, की एखादा मेकॅनिक पंखाच्या टोकावर बसायचा आणि हाताने खुणा करत विमान न्यायचा. मी तिथला रंग किंचित तुकतुकीत ठेवलाय. कुणाच्या तरी विजारीने घासून घासून झाला असेल तसा.

रंग उडालेला दाखवायची युक्ती सोपी आहे. खाली चंदेरी रंग, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर वरचा रंग. मग ओल्या ब्रशने चोळलं की स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग खपल्या धरून निघतो. इथे हात आवरावा लागतो. सुकाणूला कापड ताणून बसवलेलं असतं, तिथे पत्राच नाही, तर चंदेरी कुठून येणार? तरी लोक सुकाणूवर चांदी उधळतात. त्याहून मोठा गुन्हा म्हणजे पंखावर गंज. अहो, ॲल्युमिनियम आहे ते! गंज दाखवायचाच तर धुराड्याच्या नळ्यांवर दाखवा, त्या पोलादी आहेत. काही प्रदर्शनांत अशी मॉडेलं पाहिलीत, की ते विमान कोकणातल्या परसात चार पावसाळे पडून होतं अशी शंका यावी. लढाऊ विमान तेवढं जगायचंच नाही. आणि जगत होतं तेव्हा त्याची निगा राखणारी माणसं होती, फडक्याने घासणारी, मेण लावून चकाकवणारी, कारण गुळगुळीत पत्रा म्हणजे ताशी दोन-चार मैल जास्त वेग.

या वेगापायी सुपरमरीनच्या, म्हणजे स्पिटफायर बनवणाऱ्या कंपनीच्या, लोकांनी जे केलं ते मला फार आवडतं. पत्रे जोडणारे गोल डोक्याचे रिवेट हवेला अडतात. डोकं पत्र्यात बुडवलेले रिवेट अडत नाहीत, पण ते बसवायला वेळ आणि पैसा जास्त. मग बुडवलेले कुठे हवेतच आणि गोल कुठे चालतील? त्यांनी वाटाण्याची डाळ आणली आणि पत्र्यातल्या प्रत्येक रिवेटवर एकेक डाळ चिकटवली. झाला गोल डोक्याचा रिवेट! तसंच विमान उडवून वेग मोजला, मग भागाभागाने डाळ काढत पुन्हा उडवलं. सगळी डाळ लावलेली असताना वेग ताशी सुमारे 22 मैलांनी घटला होता. मॉडेलवाल्यांत रिवेट दिसावेत की नाही यावर भांडणं होतात तेव्हा मला ती डाळ आठवते. 1/48 मध्ये बुडवलेला रिवेट जवळजवळ दिसूच नये. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या रेघा किटवर कोरलेल्या असतात, त्या अगदी 0.2 मिलिमीटरच्या धरल्या तरी खऱ्या विमानावर जवळपास एक सेंटिमीटरच्या फटी होतील. त्या रेघांत पातळ काळा रंग भरून त्या आणखी ठळक करणारे लोक आहेत. मीही पूर्वी भरायचो. आता फक्त जी झाकणं रोज उघडली जायची त्यांच्याच कडा काळवंडवतो.

मळ ठरवायला आधी तारीख ठरवावी लागते. नुसतं स्पिटफायर असं काही नसतं. एका तुकडीचं, एका तळावरचं, एका आठवड्यातलं विमान असतं. मी निवडलेली तुकडी रॉयल एअर फोर्सची क्रमांक 132. तिचं पूर्ण नाव 'सिटी ऑफ बॉम्बे'. युद्धासाठी वसाहतींनी पैसे दिले की त्यांची नावं तुकड्यांना मिळत. हैदराबादच्या नावाने होत्या, तशी ही मुंबईच्या नावाने. त्या काळी एका स्पिटफायरची किंमत वर्गणीपुरती 5000 पौंड धरलेली होती. बॉम्बे म्हणून वर्गणी नक्की कुणाच्या खिशातून गेली असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो. गिरणगावातून खुशीने गेली नसावी. ते काही असो, 1944 च्या उन्हाळ्यात शेपटीच्या अलीकडे 'एफएफ' अक्षरं मिरवत ही मुंबईची विमानं फ्रान्सच्या किनाऱ्यावर उडत होती, आणि त्यात मुंबई पाहिलेला माणूस बहुधा एकही नव्हता.

तर तारीख. 6 जून घेतली, तर तुकडी इंग्लंडमध्ये, ससेक्सच्या फोर्ड तळावर. विमानांवर काळेपांढरे पट्टे अगदी ताजे. नॉर्मंडीच्या स्वारीत आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून शेवटच्या क्षणी हुकूम निघाला, आणि तळातळांवर माणसं ब्रश घेऊन रात्रीतून पट्टे ओढत बसली. एका इंजिनाच्या विमानाला प्रत्येक पट्टा 18 इंच रुंद, म्हणजे माझ्याकडे साडेनऊ मिलिमीटर. किटवाले त्यांची सुबक डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, देतात. ती वापरू नयेत. घाईत, अपुऱ्या उजेडात, डुगडुगत्या शिडीवरून मारलेला पट्टा इतका सरळ येत नाही. पण मास्किंग टेप न लावता मुद्दाम वाकडं रंगवायला बसलं की हात हट्टाने सरळच जातो, आणि वाकडेपणा आणला की तो आणलेला दिसतो. शेवटी भाच्याला बसवलं. वय वर्षं नऊ. त्याने टेप न लावता, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत झकास पट्टे मारले.

जुलै घेतला तर गोष्ट बदलते. जूनअखेर तुकडी फ्रान्समध्ये उतरली, लाँग-सुर-मेर गावाजवळच्या तात्पुरत्या धावपट्टीवर. तिथे शत्रू वरून बघतो, आणि काळेपांढरे पट्टे वरून लांबूनच दिसतात. म्हणून महिन्याभरात वरच्या बाजूचे पट्टे काढून टाकायला सांगितलं, पोटाखालचे राहिले. आणि मग धूळ. शेतं सपाट करून केलेल्या त्या धावपट्ट्यांवर इतकी धूळ उडायची, की टायफून विमानांची इंजिनं झिजायला लागली आणि घाईघाईने त्यांच्यासाठी गाळण्या बनवाव्या लागल्या. मळवायची हौस असणाऱ्याने जुलैच घ्यावा. मी घेतला. भाच्याचे वरचे पट्टे रंगाखाली झाकायचे होते, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

ती धूळ फिकट, पिवळसर. आपल्याकडची तांबडी चालत नाही. परदेशी कंपन्या डबीत भरून माती विकतात आणि तिची किंमत ऐकून आपण नुसतं हसायचं असतं. मुलतानी माती वस्त्रगाळ केली, त्यात राखाडी खडूची पूड किंचित मिसळली, की काम होतं. चाकांवर, चाकांच्या विवरात आणि पोटाखाली जास्त. पंखावर वाऱ्याने टिकत नाही, तिथे बुटांच्या ठशांपुरती. बुटाचा ठसा सहा मिलिमीटरचा येतो. तो मला अजून धड जमलेला नाही, दर वेळी वैमानिक चवड्यावर चालल्यासारखा दिसतो.

एक डाग मात्र मी रेंगाळत काढला. समोरच्या काचेच्या पुढे, नाकावर, पेट्रोलच्या टाकीचं झाकण असतं. भरताना सांडलेलं पेट्रोल धूळ धुऊन नेतं, म्हणून तिथे डाग म्हणजे उलट स्वच्छ पट्टा, कडेला काळपट. ही टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात. हरिकेन विमानातही एक टाकी तिथेच होती. जेफ्री पेज नावाचा विशीतला वैमानिक 12 ऑगस्ट 1940 ला हरिकेनमधून लढताना त्या टाकीत गोळे घुसले आणि आग त्याच्या तोंडावर आणि हातांवर आली. कसाबसा उडी मारून तो समुद्रात पडला. ईस्ट ग्रिनस्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो हे सर्जन अशा भाजलेल्या पोरांना पुन्हा चेहरे आणि बोटं देत होते. पेज त्यांच्याकडे शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया करून घेत राहिला. आणि मग हट्टाने परत विमानात बसला. 1944 मध्ये या 132 क्रमांकाच्या तुकडीचा प्रमुख तोच होता. कातडं चिकटवून केलेल्या बोटांनी तो स्पिटफायरची कळ दाबत होता, पुन्हा त्याच जागी पेट्रोलची टाकी घेऊन. हे वाचल्यापासून त्या झाकणाभोवतीचा पट्टा मी तीन शून्यच्या ब्रशने, श्वास धरून काढतो. तिथे मुलतानी मातीचे विनोद सुचत नाहीत.

आता राहिलंय एकच. पंखांतल्या मशीनगनच्या भोकांवर लाल कापडाचे चौकोन चिकटवत. वर थंडीत नळीतली ओल गोठू नये, धूळ आत जाऊ नये म्हणून. पहिली गोळी सुटली की कापड फाटायचं, आणि परतणारं विमान उघड्या भोकांतून शीळ घालत यायचं. तळावरच्या माणसांना उतरायच्या आधीच कळायचं, की याने आज गोळ्या झाडल्यात. म्हणून माझ्यापुढे प्रश्न आहे: चौकोन अखंड ठेवायचे, की फाडायचे? अखंड ठेवले तर नुकतंच तयार होऊन उभं असलेलं विमान, मग बंदुकांच्या नळ्यांमागची काजळी पुसावी लागेल. फाडले तर चारही फाडावे लागतील. मित्र म्हणाला, एक अखंड ठेव, दिसायला बरं दिसेल. म्हटलं, दिसायला बरं दिसेल, पण त्याचा अर्थ ती बंदूक अडकली असा होतो, आणि मग तिची देखभाल करणाऱ्या आर्मररला त्या दिवशी कुणीतरी फैलावर घेतलं असणार. मित्र म्हणाला, मग नुसत्या तोफाच झाडल्या असं समज, मशीनगन नाहीत. हे मात्र बरोबर आहे. या पंखाच्या स्पिटफायरला दोन तोफा आणि चार मशीनगन, आणि कळ अशी, की वर दाबली तर एक, खाली दाबली तर दुसरं, मधे दाबली तर दोन्ही. म्हणजे चारही चौकोन अखंड, आणि काजळी फक्त तोफांच्या मागे. फारसं कुणाला सुचत नाही असं उत्तर आहे, आणि मला ते पटलंय. फक्त मशीनगनमागे मी आधीच मारून ठेवलेली काजळी आता थिनरने काढायला बसायचंय.