आमची वाटचाल : जुन्या घरावर नवा मजला

1994 साली दोघांनी सुरुवात केली. मी डिप्लोमावाला, आमचे मिस्त्री चौथी पास. सामान म्हणजे ओळंबा, गुण्या, दोन थाप्या आणि तीस फुटी लेव्हलची नळी, म्हणजे पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवायची पारदर्शक नळी. ती नळी अजून आहे. पोरं आता लेझर लावतात, लावू देत. नळीत बुडबुडा तेवढा राहू देऊ नका. एका बुडबुड्यापायी आम्ही अख्खी गच्ची पुन्हा फोडली आहे.

नवं बांधकाम आम्ही कधी घेतलं नाही. जुन्या घरावर मजला चढवायचा, खोली वाढवायची, एवढंच. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्यानंतर पुण्यात पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. सहकारनगर भागातल्या अशाच एका जोडबंगल्यातल्या काकूंचं काम 2009 मध्ये आलं. सासऱ्यांच्या वेळच्या तीन खोल्या, त्यात दोन मुलगे, दोन सुना, दोन नातवंडं आणि तिसरं वाटेवर.

मिस्त्री म्हणाले, आधी खड्डा. जोत्यालगत चार फूट खणलं. काळी माती संपून पाया मुरमात बसलेला दिसला, तेव्हा कुठे इंजिनिअर बोलावला. (तुम्हीही खड्डा घ्याच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर बसलेलं घर तिच्याबरोबर हलतं. वरचं बाथरूम खालच्याच्या डोक्यावर घ्या, सुनेचा हट्ट काही का असेना. वरच्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या करा, वजन विटेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं.)

शेजारच्या घराशी असलेल्या सामाईक भिंतीत जुन्या बारीक भेगा होत्या. काम सुरू करण्याआधी मिस्त्रींनी गिलावा खरवडला आणि प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा, त्यावर तारीख. भिंत हलली की काच तडकते. अशा सात पट्ट्या. काकू रोज सकाळी त्या बघायच्या आणि कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहायच्या, ‘काच शाबूत’.

एप्रिलात आम्ही स्लॅब ओतला. एकही काच तडकली नाही.

जूनमध्ये शेजाऱ्यांनीही काम काढलं. ते घेणारा गृहस्थ चार वर्षं आमच्याकडेच हिशेब लिहायचा. नळीत पाणी कसं भरायचं तेही मिस्त्रींनीच त्याला शिकवलं. त्याने रंगीत चित्रं दाखवली, आमच्यापेक्षा निम्मा भाव दिला आणि मोठा हॉल काढायला मधली नऊ इंची भिंत चार बल्ल्यांच्या, म्हणजे लाकडी टेकूंच्या भरवशावर पाडली. वरचं वजन पेलणारा लोखंडी गर्डर दुसऱ्या दिवशी यायचा होता. स्लॅब तीन सूत, म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर खाली बसला आणि सामाईक भिंत ओढली गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं की आमच्या मजल्याच्या ओझ्याने भिंत फाटली. महिन्याभरात तीन गिऱ्हाइकं फिरली, एकाला ॲडव्हान्स परत द्यावा लागला. मिक्सर विकला, सेंट्रिंगच्या प्लेटा विकल्या. शनिवारचा पगार द्यायला दोनदा मिस्त्रींनी स्वतःचे पैसे घातले. ते त्यांनी कधी मागितले नाहीत, आणि मला ते फेडायला फार उशीर झाला.

काकूंनी मात्र शेवटचा हप्ता काम पुरं व्हायच्या आधीच दिला. सोसायटीच्या बैठकीला त्या कॅलेंडर घेऊन गेल्या. एप्रिल, मे, पान उलटून वाचत होत्या, ‘काच शाबूत, काच शाबूत, दूध अर्धा लिटर, काच शाबूत’. 9 जूनला ‘पाच काचा तडकल्या, शेजारी भिंत पाडली’. बैठकीत कोणी काही बोललं नाही. त्या गृहस्थाने तर अजूनही नाही. त्याचा बोर्ड आता आमच्यापेक्षा मोठा आहे.

पुढची दहा वर्षं कामं होत राहिली.

काकूंच्या त्या तिसऱ्या नातवंडाची खोली वरच्या मजल्यावर, सामाईक भिंतीलगतच आहे. न तडकलेल्या दोन पट्ट्या त्यांनी आजवर काढू दिल्या नाहीत. रंगारी त्यांच्या कडेकडेने ब्रश फिरवतात. कॅलेंडरची पानं आमच्या ऑफिसात आहेत. कोणाला बघायची असतील तर दुपारी चारनंतर या.