तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रश कोणता?

रेम्ब्राँ, सार्जंट अशा तैलचित्रकारांची चित्रं समोर ठेवून टॅब्लेटवर माणूस रंगवला, तर तो प्लास्टिकच्या बाहुलीसारखा दिसतो. मग ब्रश कोणता घ्यायचा? हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदाचं लिहून टाकलेलं बरं.

ब्रश दोन पुरतात. एक साधा गोल, कडक कडेचा, पेनच्या दाबानुसार ओपॅसिटी (रंगाचा अपारदर्शकपणा) बदलणारा. दुसरा चपटा, केसांचे ओरखडे उमटवणारा. रंग फवारल्यासारखा पसरवणाऱ्या मऊ एअरब्रशला शेवटच्या टप्प्यापर्यंत हात लावू नका. बाहुलीचा खरा दोष मात्र बहुतेक वेळा लेयरकडे, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांकडे, जातो.

आकृती एका लेयरवर, पार्श्वभूमी दुसऱ्या, ही सवय सोयीची आहे. पण त्यामुळे आकृतीची कड डोक्यापासून टाचेपर्यंत सारखीच धारदार राहते आणि माणूस कात्रण काढून चिकटवल्यासारखा वाटतो. तैलरंगात ओल्या रंगाला ओला रंग भिडला की कड विरघळते. रेम्ब्राँच्या कित्येक व्यक्तिचित्रांत अंगरखा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. उलट सार्जंटच्या १८८४ सालच्या 'मादाम एक्स'मध्ये चेहऱ्याची बाजूची रेषा तपकिरी भिंतीवर सुरीसारखी उमटते, कारण नजर तिथेच जायला हवी.

म्हणून मोठ्या छटा (उजेड-अंधाराचे मोठे भाग) बसल्या की फाइलची एक प्रत राखून ठेवा आणि सगळे लेयर एकत्र करा. भीती वाटते, पण करा. मग कडेवरून फिरा. उजळ गालामागे गडद भिंत असेल तर कड तशीच राहू द्या. दंडाची सावलीची बाजू गडद भिंतीला टेकते तिथे दोन्हींच्या मधला रंग घ्या आणि कडेला आडवा एकच फटकारा मारा. कडेच्या दिशेनं फिरवलात तर नवी रेषाच तयार होते. केसांच्या कडा सैल, बोटांच्या पेरांच्या घट्ट. हनुवटीची गळ्यावर पडलेली सावली हनुवटीजवळ धारदार, खाली जाताना मऊ.

रेखाटनाबद्दल एवढंच: एका पायावर भार देऊन उभी आकृती असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी यायला हवा. नाही आला तर कितीही चांगलं रंगवा, माणूस पडतो.

छटा तपासताना फोटोशॉपची डीसॅच्युरेट (रंग काढून चित्र राखाडी करणारी) आज्ञा वापरू नका. तिच्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच राखाडीचे होतात. डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसतो. त्याऐवजी सगळ्यात वर काळ्यानं भरलेला एक लेयर ठेवा, त्याचा मोड (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची रीत) 'कलर' करा, आणि हवा तेव्हा उघडा-मिटा.

जुन्या चित्रकारांप्रमाणे आधी राखाडीत रंगवून वर रंग चढवायचा असेल तर दोन ठिकाणी घात होतो. पहिला 'मल्टिप्लाय' मोडमध्ये, जो वरच्या आणि खालच्या रंगाचा गुणाकार करतो. १०० पैकी ५० उजेडाच्या राखाडीवर ८० उजेडाचा थर दिला की ४० उरतात. तेलातला पारदर्शक थरही खालचं गडद करतोच, म्हणून राखाडी चित्र एक-दोन पायऱ्या उजळ ठेवायचं. दुसरा 'कलर' मोडमध्ये. संपूर्ण अंगावर एकच त्वचेचा रंग फिरवला की माणूस मातीचा दिसतो. उजेड त्वचेच्या आत शिरून पसरतो आणि त्यातला लाल सर्वात लांब जातो. म्हणून उजेड संपून सावली सुरू होते त्या अरुंद पट्ट्यात रंग सर्वात तापलेला, म्हणजे लालसर, असतो. तो पट्टा वेगळा रंगवा. चेहऱ्यावर कपाळ किंचित पिवळट, गाल-नाक-कान लालसर, जबडा थंड, म्हणजे निळसर-राखाडी. सावळ्या त्वचेत हे फरक दबतात, पण हायलाइट (चकाकणारा ठिपका) जास्त ठळक होतो. तो पांढरा घालून फिका करू नका.

जुन्या चित्रातून आयड्रॉपरनं रंग उचलणाऱ्यांनी जरा थांबावं. कित्येकदा तुम्ही उचलता ते पिवळं पडलेलं व्हार्निश. रेम्ब्राँच्या १६४२च्या चित्राला 'नाइट वॉच' हे नाव पडलं ते काळवंडलेल्या थरामुळेच. प्रसंग दिवसाचा आहे. शिवाय एका पिक्सेलवर नेम धरलात तर भेगेतला काळा रंग हाती येतो. सॅम्पल साइज (किती पिक्सेलांची सरासरी घ्यायची ते) निदान ५ × ५ ठेवा.

रंग मोजकेच हवेत तर स्वीडिश चित्रकार आंदर्स झोर्नचे चार घ्या: पांढरा, पिवळी गेरू, लाल (व्हर्मिलियन) आणि काळा. इथे एक मेख आहे. खऱ्या आयव्हरी ब्लॅकमध्ये (तैलरंगातल्या काळ्यात) पांढरा मिसळला की निळसर राखाडी मिळते, म्हणूनच त्या चौकडीत निळ्याची उणीव भासत नाही. पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्यातून निव्वळ राखाडी निघते. तुमचा काळा आधीच थोडा निळ्याकडे ढकला.

पोत शेवटी. रेम्ब्राँचा रंग उजेडात जाड, सावलीत पातळ असतो. तेव्हा ओरखड्यांचा ब्रश फक्त कपाळ, नाकाचा शेंडा, खांदा अशा उजेडाच्या जागी. संपूर्ण चित्रावर कॅनव्हासचं टेक्श्चर पसरलंत, तर सावल्याही तितक्याच खरबरीत होतील आणि छापील कापड दिसेल.