निळ्या ड्रमातलं पाणी

नागपूरहून धापेवाड्याच्या विठोबाची पायी वारी मी बरीच वर्षं करते आहे. ती वर्षं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या वर्षी चपलेचा अंगठा तुटला, कोणत्या वर्षी रात्रभर पावसात कुडकुडलो, काही सांगता येत नाही. 2019 चं मात्र सगळं जिथल्या तिथे आठवतं.

त्या वर्षी 28 मेला नागपूरचा पारा 47.5 वर गेला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, आणि जो तो म्हणत होता, "चांगला तापून राहिला, म्हणजे पाऊसही चांगला येते." मृग कोरडा गेला. जूनच्या शेवटी चार सरी आल्या, त्या भरवशावर लोकांनी पेरलं आणि आभाळ पुन्हा मिटलं. जुलैच्या मध्यावर शहराला पाणी देणारा तोतलाडोहाचा जलाशय तळाला लागला, शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. पाणी येण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत पहाटे चारला पाण्याच्या गुंड-भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. खेड्यांत पोरांनी पावसासाठी धोंडी काढली होती. आणि आम्ही निघालो विठोबाला.

आषाढी झाली की पंढरीचा विठोबा धापेवाड्याला येतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी यात्रा. त्या वर्षी पौर्णिमा 16 जुलैला होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. पहाटे दीडला स्पर्श, साडेचारला मोक्ष. म्हणजे आदल्या दिवशी दुपारी साडेचारपासून वेध, खाणंपिणं बंद. दिंडीत यावरून सकाळीच वाद झाला. काहींचं म्हणणं पडलं, एक दिवस आधी निघायला हवं होतं. काहींनी साडेचारच्या आत कळमेश्वर गाठायचं ठरवलं. माझं म्हणणं होतं की या उन्हात चालणाऱ्याने पाणी सोडू नये. पण भूगोलाच्या बाईंचं अशा वेळी कोण ऐकतं! एकतीस वर्षं मोसमी वारे शिकवले, तरी दिंडीत मी "मॅडम"च.

काटोल नाका, गोरेवाडा, फेटरी. काकड्यानंतरचे पहिले दोन तास फार सुंदर गेले. टाळ एका लयीत पडत होते, पुढे वीणेकरी, मागे तुळशीवाल्या आजी. अंगातला थकवा कुठल्या कुठे जातो अशा वेळी. दहानंतर ऊन चढलं. मे महिन्यातलं परवडतं, ते कोरडं असतं, अंगावरचा घाम वाळतो. हे आषाढातलं ऊन दमट होतं. घाम वाळतच नव्हता, त्यामुळे अंग निवत नव्हतं. नुसतं पाणी पिऊन तोंडाला कोरड पडायची. मी पदराला मीठ-साखरेची पुडी बांधून ठेवली होती.

फेटरीच्या पुढे डांबर मऊ पडलं होतं. उजव्या टाचेला फोड आला, मग अंगठ्याच्या मुळाशी दुसरा. मी रस्त्याच्या कडेने मातीतून चालायला लागले तर माती त्याहून तापलेली. मागून एक ट्रॅक्टर आला, त्यावर मोठ्ठा आवाज लावलेला, पोट्टे नाचत होते आणि पाण्याचे पाऊच फोडून एकमेकांच्या डोक्यावर ओतत होते. रिकामे पाऊच रस्त्यावर. शहरात एक दिवसाआड पाणी, या रस्त्यावरच्या शेतात कपाशी वाळतेय, आणि हे वारीचं पाणी असं उधळायचं! मी ओरडले. त्यातला एक म्हणाला, "आजी, माउली म्हणा." राग गिळून मी माउली म्हटलं, आणि मग लाज वाटली, कारण म्हणताना मनात माउली नव्हती.

तीनच्या सुमाराला आमची दिंडी पांगली. मी आणि तुळशीवाल्या आजी मागे पडलो. आजींचं वय सत्तरीच्या पुढचं. डोक्यावरचं वृंदावन त्या कुणाच्या हाती देईनात. चार वाजून गेले, मग साडेचार. त्यांच्या पावलांची लय बिघडली हे मला आधी लक्षात आलं. मग बघितलं तर चेहरा लाल आणि कपाळ कोरडं. घाम थांबला होता. मी बाटली पुढे केली. आजी म्हणाल्या, "वेध लागले वं पोरी."

"आजी, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना वेध इतक्या लवकर लागत नाहीत. शास्त्रातच सूट आहे."

"मी आजारी नाही." आणि त्या चालायला लागल्या. वीस पावलांवर बसल्या त्या बसल्याच.

बाटलीत दोन घोट होते. सावली म्हणून एक बाभूळ, तिचीही पानं गळालेली. धुऱ्यापलीकडे एक घर होतं, टिनाचं. मी हात केला. एक बाई निघाली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, डोक्यावर दुपट्टा. काही न विचारता तिने आजींना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही त्यांना तिच्या पडवीत नेलं. टिनावरून खाली ऊब येत होती, पण वर कडुनिंब होता, त्याची तेवढी सावली.

पडवीत एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता, वर फळी, फळीवर दगड. बाईने दगड काढला तेव्हा मी आत पाहिलं. पाव ड्रमही पाणी नव्हतं. तळाचं हिरवट वर्तुळ दिसत होतं.

"टँकर कधी येतो?"

"आला तर परवा."

तिने त्यातून तांब्या बुडवून काढला. मी आजींच्या मानेवर, काखेत ओलं फडकं ठेवलं. फडकं लगेच तापायचं, मी पिळायची, ती पुन्हा भिजवायची. पिळलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने खाली परात सरकवली, तेव्हा मला माझ्या मगाशीच्या ओरडण्याचा अर्थ नव्याने कळला. मग तिने पितळेचा पेला भरला आणि आजींच्या तोंडाशी नेला. आजींनी ओठ मिटले.

बाई उठली. अंगणात फुटक्या बादलीत तुळस लावलेली होती. अख्ख्या त्या परिसरात तेवढंच हिरवं. तिने एक पान खुडलं, आधी हात जोडले, मग खुडलं, आणि पेल्यात टाकलं.

"घे माय. तुळशीचं पान टाकलं. आता याले ना वेध लागत, ना ग्रहण. पे."

आजींनी पाहिलं तिच्याकडे. मग प्यायल्या. एक पेला, दुसरा, तिसऱ्यात मी मीठ-साखर घातली. हळूहळू कपाळावर घाम आला. इतका आनंद मला कधी कुणाच्या घामाचा झाला नव्हता.

"तुळशीला पाणी कुठून घालता?" मी विचारलं.

"भांडी धुतल्याचं. तिले चालते. तिची काही तक्रार नाही."

मग तिने माझा पाय ओढून घेतला. मी नको नको म्हणत होते. तिने सुई निखाऱ्यावर धरली, फोडाला बारीक छिद्र पाडलं, कातडी तशीच राहू दिली, हळद-तेल लावून चिंधी बांधली. बोलत होती ते शेतीचं. तीन एकर कपाशी पेरली, उगवली नाही, पुन्हा बियाणं आणलं, ते अजून घरात पोत्यात आहे. बाजूच्या मळ्यात संत्र्याची बाग होती, मालकाने बोअर खोल नेला, धूळ निघाली, यंदा झाडं तोडून सरपण विकलं. संत्र्याच्या मृग बहारासाठी उन्हाळ्यात ताण देतात, झाड तहानलेलं ठेवतात, मग मृगाच्या पाण्यावर ते फुलतं. मृगाचं पाणीच आलं नाही. ती म्हणाली, "ताण दिला, पण मोडाले पाणीच नाही, तर झाड काय करंल?"

निघताना मी पैसे काढले. तिने हात मागे घेतला. "तिथं गेल्यावर पावसाचं सांगजो त्याले. माह्या नावानं."

आजी रात्री कळमेश्वरला शाळेच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी झोपल्या होत्या. ग्रहणामुळे बाकी कुणी झोपलं नाही, नामस्मरण सुरू होतं. मध्येच बुवा म्हणाले, "कलियुग आहे. पांडुरंग रुसला आहे आपल्यावर." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "बुवा, विठोबावर आळ घेऊ नका."

मग बोललेच. चैत्रात मी कोराडीच्या देवीला रात्री पायी जाते. तिथे औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. तिथला कोळसा जळतो तेव्हा माझ्या घरचा कूलर फिरतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जगभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हवेत तो यंत्रं येण्याआधी दहा लाख भागांत 280 भाग होता, आता 400 च्या वर गेला आहे. जमिनीची उष्णता तो धरून ठेवतो. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते, एक अंशाला सुमारे सात टक्के. म्हणून पाऊस ताटकळत ठेवतो आणि येतो तेव्हा धो धो येतो. आणि आमच्या शहरात वर सिमेंटचे रस्ते, दिवसभर तापतात, रात्रभर उष्णता सोडतात. लहानपणी आम्ही मे महिन्यात गच्चीवर झोपायचो, पहाटे चादर ओढावी लागायची. आता कोण झोपतं गच्चीवर?

एक काकाजी शांतपणे ऐकत होते. पायात टायरच्या चपला, बरोबर एक पिशवी. ते म्हणाले, "मॅडम, मी कधी इमानात बसलो नाही. घरी एक बल्ब आणि एक पंखा. मंग माह्या वावरात पाऊस काहून नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी धूर एका भारतीय माणसाच्या वाट्याला येतो, आणि त्यातही काकाजींचा वाटा किती? ज्याने जाळलं नाही त्याचंच शेत जळतं. मी एवढंच म्हटलं, "तुमचा दोष नाही, काकाजी. पण त्याचाही नाही." त्यांनी टाळ उचलले. पुढचा गजर सुरू झाला आणि मीही म्हणायला लागले, कारण अंधारात तेवढ्या माणसांचा एक आवाज लागला की वाद मनात उरत नाही.

पुढे सप्टेंबरमध्ये त्याच तोतलाडोहाचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा लोक म्हणाले, रुसवा गेला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत नागपुरात एवढा पाऊस पडला की अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी घरांत शिरली, माणसं गेली. तेव्हा म्हणाले, कोपला. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंश दिसले आणि तासाभरात साऱ्या मोबाइलवर फिरले. हवामान खात्याने तपासून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ऐकू यायला लागलं, "पाहा, तापमानाचं सगळं खोटंच असते." एक सेन्सर बिघडला म्हणून 2013 च्या मे महिन्यातले नागपूरचे 47.9 अंश पुसले जातात का? 2024 हे आजवर मोजलेलं जगातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, ते पुसलं जातं का? मला या बोलण्याचा उन्हाहून जास्त त्रास होतो. दुपारी सिग्नल बंद ठेवावे लागतात, चौकात हिरव्या जाळ्या बांधाव्या लागतात, आणि तिथेच सावलीत उभं राहून माणूस म्हणतो, आमच्या वेळेसही असंच तापायचं.

17 जुलैला सकाळी ग्रहण सुटल्यावर आंघोळीला पाणी नव्हतं. अंगावर चार थेंब शिंपडून निघालो. आजी पुढे होत्या, डोक्यावर वृंदावन. धापेवाडा आलं. इथल्याही नदीचं नाव चंद्रभागा. तिच्यात वाळू होती आणि वाळूत दुकानं. लोकांनी कोरड्या पात्राला हात लावून कपाळी नेला. मीही नेला.

आमच्याकडे सांगतात, कोलबास्वामींना पंढरीची वारी होईना, तेव्हा विठोबा इथल्या विहिरीतून प्रकट झाला. रांगेत तीन तास उभी होते तेव्हा हेच मनात होतं, की हा देव पाण्यातून वर आला. पायातली चिंधी सुटून लोंबत होती. मागचे ढकलत होते, पुढचा स्वयंसेवक "चला चला" म्हणत होता.

रात्रभर मी भांडले होते की पावसाचं त्याच्यावर टाकू नका. पण निरोप माझा नव्हता. डोकं टेकवलं आणि तिचं नाव विचारायचं राहिलं हे लक्षात आलं. म्हणून म्हटलं, फेटरीच्या पुढे टिनाचं घर, दारात फुटक्या बादलीत तुळस, तिने पावसाचं सांगितलं आहे. एवढंच म्हणून झालं तेवढ्यात मला बाजूला सारलं.

परतीची एसटी संध्याकाळी मिळाली. मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीशी बसले. फेटरी यायच्या आधीच अंधार पडला होता. एका ठिकाणी कडुनिंबासारखं काही दिसलं, त्याखाली बारीक दिवा होता.