जिम बीम डबल ओक: फिनिशमधल्या तुरटपणाचा माग लागला

मंडळी, तुरटपणा सापडला! जिम बीम डबल ओक ही ओकच्या दोन पिंपांत एकामागून एक मुरवलेली अमेरिकन बोर्बन व्हिस्की. मागच्या अपडेटमध्ये तिच्या फिनिशवर, म्हणजे गिळल्यावर उरणाऱ्या चवीवर, गाडी जिथे अडली होती तिथून ती एकदाची पुढे सरकली. नोजवर, म्हणजे वासात, भरपूर कॅरॅमल, घोट जिभेवर आला की काकवी आणि व्हॅनिला, आणि गिळल्यावर गालांच्या आतल्या बाजूला कोरडं, ओढल्यासारखं. ते कोरडेपण दुसऱ्या पिंपाचं की नुसत्या जास्त प्रूफचं (म्हणजे अल्कोहोलच्या जोराचं), हा वाद आपल्यात चालू होता.

शंका रास्तच होती. जिम बीमचीच साधी, एकाच पिंपातली व्हाइट लेबल 40 टक्के अल्कोहोलची, डबल ओक 43 ची. तीन टक्क्यांनी फिनिश बदलतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणून आधी दोघींना एका पातळीवर आणलं. 30 मिली डबल ओकमध्ये सव्वादोन मिली पाणी घातलं की ती 40 वर येते. यासाठी महागडं पिपेट घेऊ नका. औषधांच्या दुकानात मिळणारी एक मिलीची सिरिंज पुरेशी नेमकी आणि हाताला सोपी. पाणी मात्र नळाचं नको. आमच्या लंडनचं पाणी चुन्याचं, किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरणारं. त्याने नोज मिटतं असं माझं ठाम मत झालंय. कमी खनिजांचं बाटलीतलं पाणी वापरलं.

खरी कटकट रंगाची होती. डबल ओक उघड्या डोळ्यांना गडद दिसते, मग ब्लाइंड, म्हणजे कोणती ते न कळता चाखणं, कसलं? स्टीलच्या पेल्यांत ओतून पाहिलं, पण सरळ तोंडाच्या पेल्यात वास धरतच नाही. शेवटी ग्लेनकेर्नलाच, म्हणजे तोंडाशी निमुळत्या व्हिस्कीच्या ग्लासालाच, काळा कागद गुंडाळला आणि दिवा मालवला. (टेस्टिंगसाठी मागवलेल्या निळ्या काचेच्या ग्लासांच्या कडा टवके उडालेल्या आल्या. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही, त्यामुळे तिथून पुन्हा खरेदी नाही.) बायकोने ग्लासांच्या बुडाला खुणा केल्या: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा.

नुसत्या वासावर मी गडबडत होतो. कधी बरोबर, कधी चूक. बीमचा तो भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास दोन्हींत आहे आणि डबल ओकमध्येही तो दुसऱ्या ओकखाली दबलेला नाही, याचा फार आनंद झाला. पण घोट गिळून थोडं थांबलं की वेगळा ग्लास स्वतःच बोलायचा. जळजळ तिन्हींत सारखी, आणि एकाच ग्लासानंतर जीभ टाळूला घासतेय. म्हणजे तो तुरटपणा प्रूफचा नाही, टॅनिन या लाकडातल्या तुरट द्रव्याचा आहे. दुसऱ्या पिंपाचाच.

आता विचार केला तर हे पटतं. बोर्बनचं पीप कायद्याने नवं आणि आतून जाळलेलं लागतंच. इथे चार वर्षं एकात मुरलेली दारू पुन्हा ताज्या जाळलेल्या पिंपात जाते, म्हणजे नवं लाकूड दारूला आपला अंश परत पहिल्यापासून द्यायला सुरुवात करतं. रंग, टॅनिन, कोळशाचा धूर हे लवकर उतरतं. हवेशी हळूहळू होणारा संयोग आणि त्यातून येणारा गोलवा यांना मात्र वर्षंच लागतात. डबल ओकच्या फिनिशमध्ये लाकूड पुढे आणि मुरलेपण मागे वाटतं, ते यामुळे असावं. तरीही या किमतीत एवढं भरदार नोज देणारी दुसरी बाटली मला माहीत नाही आणि मी ती पुन्हा घेणार. सोबत चीजचा तुकडा ठेवा. तुरटपणा बराच निवळतो. बर्फ नको, गारव्यात गोडी दबते आणि कोरडेपण तेवढं उरतं.

पुढचा बेत ओल्ड फॉरेस्टर 1910 चा होता. तिचं दुसरं पीप खूप खोल जाळलेलं असतं, म्हणून जास्त कोळसा म्हणजे जास्त तुरटपणा का, हे बघायचं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय की आधी वुडफर्ड रिझर्व्ह डबल ओक्ड घ्यावी. तिच्या दुसऱ्या पिंपाला आधी बराच वेळ शेकतात आणि मग वरवर जाळतात. शेकण्याने लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार होतं. तिथे तुरटपणा कमी आणि व्हॅनिला जास्त निघाला, तर दोष दोनदा मुरवण्याला न देता जाळण्याच्या पद्धतीला द्यावा लागेल. फक्त ती खिशाला बरीच जड आहे.

तर थांबा, त्याआधी फुकटचा एक प्रयोग सुचलाय. व्हाइट लेबल आणि डबल ओक अर्धी-अर्धी मिसळायची, दोन-तीन दिवस बंद बाटलीत ठेवायची आणि पुन्हा तीन ग्लासांची चाचणी. मिश्रणातही तुरटपणा ओळखता आला तर डबल ओकचं प्रमाण पाव करायचं, मग त्याहून कमी. जीभ नेमकी कुठे हरते ते कळेल. ज्यांच्याकडे दोन्ही बाटल्या आहेत त्यांनीही करून बघा, आणि सगळे ग्लास 40 टक्क्यांवर आणूनच आकडे कळवा, नाहीतर तुलना जुळणार नाही.