डॉक्टरांना कळवले

कायद्याचा अभ्यास चाळिशी-पन्नाशीत सुरू करणाऱ्यांना मी शिकवते. कुणी नोकरी सांभाळून येतं, कुणी मुलं हाताशी आल्यावर, तर कुणी अंथरुणाला खिळलेल्या आईला तासाभरासाठी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवून. वर्गात शिकवलेलं यांना समजत नाही म्हणून ही मंडळी माझ्याकडे येतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांना विषय समजलेला असतो आणि तरीही ती नापास झालेली असतात. असं का होतं, ते शोधणं हे माझं काम. त्या सकाळपर्यंत ते काम मला येतं, असं मी धरून चालले होते.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या, बावीस वर्षं परिचारिका. रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आल्या होत्या, सकाळी आठला. अपकृत्य कायद्याच्या पेपरात, म्हणजे टॉर्टमध्ये, दुसऱ्यांदा नापास झाल्या होत्या. एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, हे ठरवणारा हा कायदा. पिशवी खाली ठेवून त्यांनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, माझं डोकं आता चालत नाही. वय झालं."

मीही मनातून तेच निदान करून बसले होते, हे सांगायलाच हवं. तीन महिने मी त्यांच्या स्मरणशक्तीवर उपचार करत होते. एका बाजूला खटल्याचं नाव आणि दुसऱ्या बाजूला त्यातलं तत्त्व, अशी दीडशे कार्डं करून दिली होती. त्याला आधारही होता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग मी सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगते: मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर बाजी मारतात ते न बघता आठवून लिहिणारे. पद्धत बरोबरच होती, पण ती ज्या दुखण्यावर चालते ते दुखणं ताईंना नव्हतंच.

कारण त्या सकाळी मी सहज "बोलम" असं एका खटल्याचं नाव घेतलं आणि रात्रभर जागलेल्या त्या बाईंनी एका दमात सांगितलं, "१९५७. मानसिक आजाराचा रुग्ण, विजेचे झटके देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं नाही, हाडं मोडली. जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत वापरली असेल, तर दुसऱ्या गटाचं मत वेगळं असलं तरी निष्काळजीपणा ठरत नाही." एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे डोकं उत्तम चालत होतं, आणि मी तीन महिने भलतीकडेच बघत होते.

मग मी उत्तरपत्रिका हातात घेतली आणि प्रथमच ती गुण देणाऱ्याच्या नजरेने न वाचता, लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचली. प्रश्न त्यांच्या ओळखीतलाच होता. वॉर्डात रात्री फरशी ओली, पलंगाचा कठडा खाली, वृद्ध रुग्ण दोन वाजून दहा मिनिटांनी जमिनीवर सापडतो, खुब्याचं हाड मोडलेलं. फोन करूनही डॉक्टर येतात ते सकाळी सातला. रुग्णालय जबाबदार आहे का?

ताईंनी दोन पानं लिहिली होती. वेळा क्रमाने, कठड्याची स्थिती, फरशीची स्थिती, कुणी कुणाला कधी फोन केला. एकही तथ्य सुटलेलं नव्हतं. मधे एका परिच्छेदात कर्तव्य, कर्तव्यभंग, कारणसंबंध आणि हानी हे चार घटक जसेच्या तसे. शेवटचं वाक्य होतं: "डॉक्टरांना कळवले."

ते वाक्य मी दोनदा वाचलं. हे उत्तर नव्हतं, रात्रपाळीची नोंद होती.

मी विचारलं, "ताई, हा माणूस घसरून पडला, असं तुम्ही कुठेच लिहिलं नाही. का?"

त्या चमकून माझ्याकडे बघायला लागल्या. "मी बघितलं का त्याला पडताना? 'रुग्ण जमिनीवर आढळला' असंच लिहायचं. पडला म्हणायचं नाही. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. दिसलं ते लिहा, निदान डॉक्टर करतील."

बावीस वर्षांची शिस्त होती ती, आणि अत्यंत योग्य शिस्त. जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं नोंदीत लिहिलं, तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो आणि उद्या ती नोंद न्यायालयात उभी राहिली तर परिचारिकेचीही फरपट होते. 'आढळला' आणि 'पडला' यांतला फरक कायद्याच्या कितीतरी पदवीधरांना समजावून सांगावा लागतो, आणि ताईंच्या तो हाडीमाशी खिळला होता. पण परीक्षेच्या उत्तरात मुद्दा, नियम, नियमाची तथ्यांना जोडणी आणि निष्कर्ष अशी चाल हवी असते, आणि सगळ्यात जास्त गुण असतात जोडणीला. नेमक्या तिथेच ताईंचा हात थांबत होता. तिथून पुढचं बोलणं आपलं नव्हे, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

"तुमचं मत लिहा" असं म्हणून भागलं नसतं. त्यांच्या लेखी ते मत नव्हतंच, ते खोटं लिहिणं होतं. काय सांगावं ते मला पटकन सुचेना. समोर कार्डांचा गठ्ठा होता, वरचंच कार्ड डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सनचं. १९३२ चा तो निकाल अपकृत्य कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: मैत्रिणीने घेऊन दिलेलं पेय, अपारदर्शक बाटली, तळाशी कुजलेली गोगलगाय, आणि ग्राहकाशी थेट करार नसला तरी उत्पादकावर काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, असा तीन विरुद्ध दोन मतांनी झालेला निर्णय.

"ताई, त्या बाटलीत गोगलगाय खरंच होती का?"

"होती की. त्यावरच तर खटला."

"ती होती की नाही, हे कधी सिद्धच झालं नाही. आधी फक्त एवढंच ठरवायचं होतं, की बाई म्हणतात ते खरं असेल तर कायद्याने त्यांना दाद मागता येते का. येते, असं ठरलं. पुरावा तपासायची वेळ येण्याआधीच स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण तडजोडीत मिटलं."

ताई बराच वेळ त्या कार्डाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे न्यायाधीशांनी न बघता लिहिलं?"

"बघितलं, असं त्यांनी म्हटलंच नाही. 'असेल तर' म्हणून लिहिलं."

मी कोरा कागद पुढे सरकवला. त्यांनी लिहिलं, 'रुग्ण जमिनीवर आढळला.' पेन थांबलं. मग पुढे, 'तो ओल्या फरशीवरून घसरला असेल, तर'. त्या 'तर'नंतर मी तोंडातून अक्षर काढलं नाही. पेन पुन्हा चाललं तेव्हा कर्तव्यभंग दीड पान पुरला. कठडा वर ठेवायला हवा होता का, ओली फरशी किती वेळ तशीच होती, कुणाच्या लक्षात यायला हवी होती, प्रत्येक तथ्य आता कुठल्यातरी घटकाला जाऊन चिकटत होतं.

कारणसंबंधापाशी त्या पुन्हा अडल्या. इथे बार्नेटचा खटला लागतो, १९६९ चा. रात्रीचे तीन पहारेकरी चहा पिऊन उलट्या करत रुग्णालयात येतात. परिचारिका डॉक्टरांना फोन करते. डॉक्टर तपासायला येत नाहीत, घरी जाऊन आपापल्या डॉक्टरांना बोलवा असा निरोप देतात. त्यातला एक जण काही तासांत दगावतो. चहात आर्सेनिक होतं. रुग्णालयाने कर्तव्यात कसूर केली, हे न्यायालयाने मान्य केलं, पण डॉक्टरांनी तपासलं असतं तरी उतारा वेळेत मिळून माणूस वाचला नसता, म्हणून दावा फेटाळला गेला.

ताईंना हे तोंडपाठ होतं. तरी त्या म्हणाल्या, "हे कार्ड मला आवडत नाही. त्या सिस्टरने फोन केला होता, मॅडम."

एवढंच बोलून त्या गप्प झाल्या. मीही काही बोलले नाही. बावीस वर्षांत असे किती फोन त्यांनी केले असतील आणि पलीकडून काय काय ऐकलं असेल, ते विचारायची ती जागा नव्हती. पण 'डॉक्टरांना कळवले' या वाक्यावर त्यांचं उत्तर का संपायचं, ते मला तेव्हा कळलं. तिथे परिचारिकेचं काम संपतं, आणि पुढचं काहीच तिच्या हातात नसतं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "त्या फोनमुळेच तर रुग्णालयाची कसूर सिद्ध झाली. फोन झालाच नसता, तर डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं असं म्हणता आलं असतं."

त्यांनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. हाड पडतानाच मोडलं, त्यामुळे पाच तासांच्या उशिराने मोडण्यात भर पडली असं म्हणता येणार नाही. मात्र त्या पाच तासांतल्या टाळता येण्याजोग्या वेदनेची हानी वेगळी मोजावी लागेल. हा दुसरा भाग माझ्या आदर्श उत्तरात नव्हता. मी तो त्याच दिवशी घातला.

दुपारी मी बाकीच्यांच्या वह्या काढल्या. हिशेबनीस असलेले एक काका प्रत्येक उत्तरात नुकसानभरपाईच्या रकमेवर जाऊन पोहोचायचे आणि वाटेतलं सगळं गाळायचे. विक्री विभागात उभी हयात काढलेले एक जण एकच बाजू अशी रंगवायचे, की दुसऱ्या बाजूला काही म्हणणं असेल अशी शंकाही येऊ नये. एक माजी शिक्षिका नियम इतका सुंदर समजावून सांगायच्या, की तो लागू करायचा राहूनच जायचा. सगळ्यांना मी एकच शेरा दिला होता: 'विश्लेषण वाढवा.' लाल शाईत, कितीतरी वेळा. तेवढे शेरे मी त्या दुपारी खोडले आणि प्रत्येकाच्या वहीत एकच प्रश्न लिहिला: 'नोकरीत तुम्हाला काय लिहायची मनाई होती?'

ताईंचं उत्तर पुरं झालं तेव्हा पावणेदहा वाजले होते. साडेतीन पानं. शेवटची ओळ होती, 'म्हणून रुग्णालय जबाबदार धरले जावे.' 'जावे' लिहून त्यांनी ते खोडलं होतं, आणि वर 'जाईल' केलं होतं.

मी म्हटलं, "आता घरी जाऊन झोपा."

"अजून एक प्रश्न द्या," त्या म्हणाल्या. "रुग्णालयाचा नको. दुसरा कुठलाही द्या."