घड्याळाची पाठ

आमच्या घराण्यात मिरवण्यासारखं सोनं दोनच ठिकाणी होतं. आजीच्या पाटल्यांत आणि आजोबांच्या मनगटावर. पाटल्या बाबांच्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये गेल्या. घड्याळावर मात्र कधी कुणाची नजर गेली नाही, म्हणजे आजोबांनी जाऊ दिली नाही.

1961 साली मिरजेला लग्न झालं तेव्हा आजोबा पंगतीत रुसून बसले होते. पानात जिलबी पडली, चित्राहुती झाल्या, पण नवरदेव घास उचलेनात. जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने समजूत काढायची ही तेव्हाची रीतच होती. अंगठी, सायकल, घड्याळ अशी चढती भाजणी असायची. आजोबा थेट सोन्याच्या घड्याळावर जाऊन बसले. पणजोबा शाळामास्तर. त्यांनी एकदा मांडवाकडे, एकदा जिलबीकडे बघितलं आणि ‘देतो’ म्हणाले. दिवाळसणाला फेवर-ल्युबा आलं. एचएमटीचं बंगलोरला तेव्हा नुकतं कुठे सुरू होत होतं. भारी घड्याळ म्हणजे स्विस, आणि स्विस म्हणजे मुंबईहून आणलेलं.

पुढे 1963 च्या जानेवारीत मोरारजीभाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी, दागिन्यांखेरीज असलेलं सोनं सरकारला जाहीर करा, वगैरे. सोनारांच्या पोटावर पाय आला, आणि आमचे आजोबा म्हणे महिनाभर शर्टाची बाही खाली ओढून कचेरीत जात होते. ‘आमचं आधीचं आहे, आता असं मिळायचं नाही,’ हे वाक्य मी स्वतः शंभरदा ऐकलंय.

परवा आजीने ते माझ्या हातात ठेवलं. “तुझ्या लग्नात घाल. पण जरा चकाकवून आण. कळा गेलीय त्याची.”

घड्याळ बंद होतं. काच इतकी ओरखडलेली की काटे धुक्यात उभे असल्यासारखे दिसत. काच म्हणजे खरं तर ॲक्रिलिक. टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने दहा मिनिटं गोल गोल घासली तर आरपार दिसायला लागतं. हे जमलं, आणि तिथेच माझा घात झाला. हात शिवशिवायला लागले. देवघरातली समई घासायचं पॉलिश होतं, ते घेऊन मी घड्याळाच्या कडेला लागलो. फडकं काळं झालं. छान, मळ निघतोय. आणखी घासलं. पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांपैकी एकाच्या टोकावर वेगळाच रंग दिसायला लागला. पिवळाच, पण समईचा पिवळा.

मी थांबलो. मग, साठ वर्षांत घरातल्या कुणी केलं नसावं ते केलं. घड्याळ उलटं केलं आणि पाठीवर काय लिहिलंय ते वाचलं. ‘स्टेनलेस स्टील बॅक.’ स्वच्छ इंग्रजीत, गोलाकार. त्याखाली बारीक अक्षरात ‘प्लाके’ आणि वीसचा आकडा.

शनिवार पेठेतल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून त्या कानाकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कशाने घासलं?” मी सांगितलं. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. सोनाराच्या दुकानात एखाद्याने खोटी अंगठी ठेवावी तसं मला वाटलं. पण ते शांतपणे समजावत राहिले. प्लाके म्हणजे सोन्याचा मुलामा, आणि वीस ही त्याची जाडी, वीस मायक्रॉन. मिलिमीटरचा पन्नासावा भाग. डोक्यावरचा केससुद्धा याहून जाड असतो. खरं अठरा कॅरेटचं असतं तर आत 750 चा शिक्का असता, आणि बफ मारायला निदान जागा असती. तरी प्रत्येक बफाला थोडं सोनं उडतंच. कडा गोल होतात, कान बारीक होतात. “लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे काहीतरी लावायचं. अहो, ते काढणं असतं.” मुलामा दिलेल्या घड्याळाला त्यांचा सल्ला एकच: कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, आणि हात आवरा.

डायल पिवळं पडलं होतं. ते नवं रंगवून घ्यावं का, असं मी विचारून बघितलं. ते हसले. आपल्याकडे रंगवलेल्या भडक डायलांची जगभरचे शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणून टर उडवतात, हे तेव्हा कळलं.

मग त्यांनी चाकूने पाठ उघडली. आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते: 8/74 आणि 3/88. प्रत्येक कारागीर काम केल्यावर अशी खूण ठेवतो म्हणे, म्हणजे पुढच्याला कळतं. जुनं तेल वाळून गोंद झालं होतं. त्यांनी एकेक चक्र सोडवलं, पेट्रोलमध्ये धुतलं, फुंकणीने वाळवलं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल, चक्रांचे आस ज्यांत फिरतात त्या प्रत्येक खड्यापाशी ठेवलं. शेवटी बॅलन्स, म्हणजे वेळ राखणारं झुलतं चक्र, बसवला. तो आधी थरथरला, मग एकदम झुलायला लागला. सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. या सगळ्याला पाऊण दिवस गेला आणि मी तिथून हललो नाही.

परतताना डोक्यात ते आतले आकडे फिरत होते. म्हणजे दोन कारागिरांना माहीत होतं. आणि आजोबांना? ते कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करत. रोज रात्री घड्याळ उतरवून कोनाड्यात ठेवायचे, नेहमी डायल वर. चावी द्यायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही. आम्ही पोरांनी हात लावला की खेकसायचे. सोन्याची काळजी, असं आम्ही समजायचो. बाही खाली ओढून कचेरीत जाणारे आजोबा डोळ्यांसमोर आले आणि बसमध्ये मला एकट्याला हसू फुटलं.

आजी घेवडा मोडत बसली होती. घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने ते आधी कानाशी धरलं, मग उजेडात.

“फारसं नाही चकाकलं.”

“जुनं आहे आजी. जास्त घासू नये म्हणतात.”

तिने माझ्याकडे बघितलं. मास्तरांची मुलगी ती.

“पाठ वाचलीस वाटतं,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली. शिरा काढून मोडली. “लग्नात पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल म्हणजे झालं.”