कार्बन रोड बाइकचं फिटिंग: मार्च ते जुलै

मार्चमध्ये ५२ साइजची सेकंडहँड कार्बन रोड बाइक घेतली, म्हणजे कार्बन फायबरच्या फ्रेमची, वाकलेल्या हँडलची वेगवान सायकल. ती अंगाला बसवून घेण्याची, म्हणजे फिटिंगची, ही नोंद. त्याआधी सात वर्षं सरळ हँडलची हायब्रिड सायकल चालवली होती, त्यामुळे पहिल्या रविवारी कोथरूडहून खडकवासल्यावरून पानशेतला जाताना वेगाचा आनंद काही औरच होता. पण पानशेत यायच्या आतच दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर झाली. परतताना उतारावर ब्रेकवर बोटं नीट बसलीत की नाही तेच कळेना, आणि तेव्हा मी खरंच घाबरले. नोव्हेंबरमध्ये ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. मुदत २० तासांची. अशा हातांनी ती होणार नाही हे त्याच दिवशी कळलं, आणि वही केली.

वहीचा नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर किमान दोन राइड झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. बदलाआधी टेपने माप घेऊन मिलिमीटरमध्ये लिहायचं.

एप्रिल

ज्याला विचारलं त्याने सांगितलं, हँडल लांब पडतंय. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे मलाही ते पटलं. हँडलबारला सायकलशी जोडणारा १०० मिमीचा स्टेम काढून ८० चा लावला. नुसता छोटा स्टेम लावला तर हँडलबार तीन-चार मिमी खाली येतो, कारण स्टेम पुढे जाताना थोडा वर चढत असतो. म्हणून सहा अंशांचा तो स्टेम उलटा करून बसवला. ८० मिमीच्या लांबीवर त्याने साधारण १६ मिमी उंची मिळाली. स्पेसर, म्हणजे स्टेमच्या खाली-वर बसणाऱ्या चकत्या, होते तसेच ठेवले.

कार्बन स्टिअरर (पुढच्या फोर्कची, स्टेम जिला आवळतो ती नळी) असलेल्यांसाठी एक गोष्ट. आधी स्टेमचे बाजूचे दोन्ही बोल्ट सैल, मग वरच्या कॅपने बेअरिंगचा खेळ काढायचा, पुढचा ब्रेक दाबून बाइक मागेपुढे हलवून बघायची, आणि शेवटी बाजूचे बोल्ट टॉर्क रेंचने ५ न्यूटन-मीटरला. माझ्या स्टेमवर तेवढंच छापलंय, तुमच्या स्टेमवरचा आकडा वाचा. हा रेंच मी बाइकनंतर घेतलेली पहिली वस्तू. अंदाजाने आवळलेला कार्बन आतून चिरला तर बाहेरून दिसेलच असं नाही.

मान एकदम सुटली. बोटं मात्र तशीच! आधी २५ किलोमीटरला मुंग्या यायच्या, आता ४० ला.

मे

या महिन्यात खरं कारण सापडलं, आणि ते हँडलपाशी नव्हतंच.

सॅडलवर, म्हणजे सीटवर, पुठ्ठा बांधणीचं पुस्तक आडवं ठेवून त्यावर मोबाइलमधली लेव्हल लावली. नाक चार अंश खाली! आधीच्या मालकाला तसंच सोयीचं असेल. मी मात्र त्यावरून सतत पुढे घसरत होते आणि घसरू नये म्हणून हातांनी स्वतःला मागे रेटत होते, तासन् तास. करंगळी आणि अनामिकेची नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते, आणि हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी पकडीवर) सगळा भार नेमका तिथेच येत होता.

सॅडल समतल केलं. पुढच्याच राइडला ६० किलोमीटरपर्यंत हात ठीक होते.

मग उंची. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, तेच पुस्तक जांघेत वर दाबून धरलं आणि जमिनीपासून माप घेतलं: ७४ सेंमी. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६५.३. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत माझं माप होतं ६६.५. मी घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) असताना मुलीने मागून व्हिडिओ घेतला, त्यात कंबर दोन्ही बाजूंना डुलताना स्पष्ट दिसत होती. १२ मिमी खाली आणलं, डुलणं थांबलं. हे सूत्र सुरुवातीपुरतं चांगलं आहे, पण अंतिम उत्तर गुडघा आणि कंबरच देतात.

यानंतरच्या बदलाला सगळ्यांनी विरोध केला: सॅडल १० मिमी मागे. हँडल लांब पडतंय म्हणून सॅडल पुढे घ्यायचा सल्ला सर्रास मिळतो, आणि माझ्या मते हातांच्या दुखण्यावर तो उलटा उपाय आहे. टाचा आणि पार्श्वभाग भिंतीला टेकवून पुढे वाकून पाहा, लगेच तोल जातो. भिंतीपासून दूर उभं राहून वाका, कंबर आपोआप मागे जाते आणि हातांचा आधार लागत नाही. सायकलवरही तेच होतं. सॅडल मागे घेतलं की पायाचं अंतरही वाढतं, १० मिमीला जवळपास ३ मिमी, म्हणून तेवढं खाली घेतलं. हँडलपर्यंतचं अंतर १० मिमी वाढलं, पण स्टेममध्ये २० कमावले होतेच.

बोपदेव घाट चढून सासवड, पुढे जेजुरी आणि परत. मुंग्या नाहीत. त्या दिवशी घरी येऊन करंगळीने टेबलावर टकटक करत बसले होते.

सॅडलची रुंदीही बदलली. जाड खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसून हाडांच्या खुणा मोजल्या, १२८ मिमी आल्या. १४३ च्या जागी १५५ चं, मधे खाच असलेलं सॅडल घेतलं आणि बसायचं दुखणं मिटलं.

जून

पाऊस सुरू झाला आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. फिटिंग काहीच बदललं नव्हतं. टेप लावून बघितलं तर सीटपोस्ट, म्हणजे सॅडलखालचा दांडा, ६ मिमी खाली सरकला होता. अनेकांचा हात अशा वेळी बोल्ट जास्त आवळायला जातो. कृपा करून तसं करू नका. पोस्ट बाहेर काढून पाहिला, तर त्यावर जुनं ग्रीस होतं. कार्बनच्या पोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट हवी. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी टॉर्कवरही पकड येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पोस्ट आणि नळीचा आतला भाग पुसला, पेस्ट लावली, पुन्हा ५ न्यूटन-मीटर. पोस्टवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून खूण केली आहे. दर राइडआधी एक नजर टाकते. अजून हललेला नाही.

टायर २५ मिमी रुंदीचे काढून २८ चे केले. फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी मोजलं, दोन्ही बाजूंना ४ मिमी उरते. माझं वजन ५८ किलो. पूर्वी १०० पीएसआय भरत होते, आता पुढे ६० आणि मागे ६५. आपल्याकडच्या रंबलरवरून जाताना हा फरक दातांनाही कळतो. हवा दर राइडआधी तपासायला मात्र हवी, कमी झाली तर खड्ड्यात ट्यूब चिमटते.

जुलै

पुणे–सातारा–पुणे, सरावाची राइड. खंबाटकीच्या चढावर ड्रॉप्समधून (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागातून) हुडवर, हुडवरून टॉपवर (मधल्या सरळ भागावर) हात बदलत राहिले. सुरूरजवळ चहाला थांबले तेव्हा कपाची उष्णता पाचही बोटांना जाणवत होती.

उरलंय ते जांघेच्या पुढचं आखडणं. पेडल सगळ्यात वर येतं तेव्हा मांडी पोटाशी दबते. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७२.५ मिमीचा आहे, माझ्या पायांना मोठाच. १६५ चा मागवलाय. त्यासाठी सॅडल ७.५ मिमी वर जाईल, म्हणजे वरच्या टोकाला एकूण १५ मिमी जागा मोकळी होईल. पण हँडल तेवढंच खाली वाटेल. स्टेमच्या वर १० मिमीचा एक स्पेसर आहे. तो खाली घ्यायचा, पण क्रँकवर दोन राइड झाल्यावरच. हे करताना स्टेमच्या खाली एकूण किती स्पेसर चालतात ते फोर्कच्या माहितीपत्रकात बघायचंय.